तिला तो हवाय की त्याचं घर?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढे घोळ नको. तुम्ही सुमारे ७०,००० शब्दांची, आजच्या काळातली प्रेमकथा लिहून पूर्ण केली आहे. नायिका संस्थेत वाढलेली, स्वतःच्या हिमतीवर शिकून नोकरीला लागलेली. नायक पिढीजात श्रीमंत, मोठ्या गोतावळ्यातला. शेवटी नायिकेची सख्खी आजी सापडते, ती धनाढ्य निघते आणि सगळं जुळून येतं. खर्डा सहा जणांना वाचायला दिलात. चौघांचं म्हणणं जवळपास एकच: घर आवडलं, नायकाची आई तर फारच आवडली, पण हिला तो हवाय की त्याचं घर, ते कळेना. एकाने तर तिचा पैशावर डोळा आहे असंच लिहून टाकलं. आता तुम्ही विचारताय, घराची श्रीमंती जरा उतरवू, की आईला थोडी खाष्ट करू, म्हणजे नायिकेबद्दल सहानुभूती वाटेल?

दोन्हीतलं काही करू नका. निदान इतक्यात नको.

मी गेली १८ वर्षं कादंबऱ्यांची हस्तलिखितं संपादित करते आणि त्यातली निम्म्याहून जास्त प्रेमकथांची असतात. तुमच्या वाचकांनी दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलंय, पण तुम्ही औषध भलतीकडे लावायला निघालात. 'ती स्वार्थी वाटते' हा तक्रारीचा वरचा पापुद्रा. त्याच्या खाली खरी अडचण आहे. तिच्या मनात दोन ओढी आहेत, एक या माणसाची आणि एक घराची, आणि पूर्ण कादंबरीत त्या एकदाही एकमेकींच्या आड येत नाहीत. तो मिळाला की घर मिळतं, घर मिळालं की तो असतोच. मग वाचकाने ओळखायचं कशावरून? तिला घर हवं आहे यात लपवण्यासारखं काही नाही. उलट तेच उघड्यावर आणा. प्रेमाच्या त्रिकोणात तिसरं माणूस असतं ना, ती जागा या कादंबरीत त्याच्या कुटुंबाला द्या.

आता, यातलं बरंचसं तिच्या भूतकाळावर अवलंबून आहे, आणि इथे लेखक फार गफलत करतात. 'एकटी मुलगी' म्हणून माझ्याकडे ज्या नायिका येतात त्या निदान तीन प्रकारच्या असतात. एकीला कुणीच नव्हतं. दुसरीला घर होतं आणि ती त्यातून निघून आली. तिसरीला प्रेमळ पण गरीब घर आहे आणि तिला त्याची लाज वाटते. तिसरीची गोष्ट खरं तर सगळ्यात काटेरी, कारण नायकाच्या घरात रमण्याचा प्रत्येक क्षण म्हणजे स्वतःच्या आईबापांशी केलेली छोटीशी बेइमानी असते. दुसरीला नवं घर दिसलं की आनंद होण्याआधी ती दार कुठे आहे ते बघून ठेवते. तुमची नायिका पहिल्या प्रकारची आहे, तेव्हा पुढचं सगळं तिच्यापुरतं. तुमच्या खर्ड्यात मात्र मधूनच ती दुसरीसारखी वागते. नवव्या प्रकरणात कुणी मिठी मारली की तिचं अंग आखडतं, आणि दहाव्यात ती सगळ्यांच्या गळ्यात पडते. माणसं अशी उलटसुलट वागतात हे खरं, पण ते मुद्दाम लिहिलंय असं दिसायला हवं.

तुम्ही जो उतारा सोबत दिला आहे त्याबद्दल सविस्तर बोलते, कारण रोग आणि औषध दोन्ही त्यातच आहेत. नायिका त्यांच्याकडे राहायला आलेली असताना तिला ताप भरतो. रात्री नायकाची आई तिच्या उशाशी बसते, कपाळावर हात ठेवते. नायिकेला आठवतं की संस्थेत ताप आला की थर्मामीटर काखेत जायचा, आकडा वहीत लिहिला जायचा आणि ताई पुढच्या खाटेकडे वळायच्या. त्यांचंही काही चुकत नव्हतं, खाटाच तेवढ्या होत्या. हे तुम्ही सुरेख लिहिलंय. 'हात उचलला गेला तरी त्याचं वजन कपाळावर राहिलं' हे वाक्य वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. पण नायक कुठे आहे? दारात उभा आहे. पूर्ण प्रसंगभर दारात उभा, आणि शेवटी 'तिच्याकडे प्रेमाने पाहत' निघून जातो.

कादंबरीतला सर्वांत जिवंत प्रसंग, आणि नायक दाराच्या चौकटीसारखा! वाचकाला दुसरं काय वाटणार?

त्याला खोलीत आणायचा सोपा उपाय म्हणजे आईला उठवून त्याला उशाशी बसवणं. तसं केलंत तर प्रसंग मरेल, कारण त्या हाताची भूक आईच्याच हाताची आहे. त्याला दारातच राहू द्या. फक्त त्याला एक गोष्ट दिसू द्या: नायिका जागी आहे. झोप लागली असती तर श्वास संथ झाला असता, पापण्या अशा घट्ट मिटलेल्या नसत्या. ती झोपेचं सोंग घेते आहे, कारण डोळे उघडले तर आई 'बरं वाटतंय का गं' म्हणून हात काढून घेईल. हे आईला कळत नाही. त्याला कळतं. आई 'झोपली बहुतेक' असं पुटपुटत उठायला लागते तेव्हा तो दारातूनच हळू आवाजात म्हणतो, "थांब थोडा वेळ, आत्ताच डोळा लागलाय."

तो खोटं बोलला हे नायिकेने ऐकलेलं आहे. आता तिच्याकडे एकाच क्षणी दोन गोष्टी आल्या: कपाळावरचा हात, आणि तो हात आपल्याला हवाय हे न बोलता ओळखणारा माणूस. पहिली गोष्ट दुसऱ्या एखाद्या घरातही मिळू शकली असती, दुसरी मात्र याच्याचकडे आहे. हा प्रसंग असा लिहिलात तर 'तो की घर' या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्ही एकही खुलासा न करता दिलेलं असेल. पुढे कधीही त्याला 'मला माहीत होतं तू जागी होतीस' असं म्हणायला लावू नका. मोह होईल. आवरा.

अशी ठिकाणं शोधायला मी एक बाळबोध पद्धत वापरते. छापील प्रत घ्यायची आणि दोन रंगांच्या पेन्सिली. नायिकेचं लक्ष त्याच्यावर आहे, त्याच्या बोलण्यावर, हातांवर, विनोदावर, चुकांवर, ती वाक्यं निळी. घरावर, माणसांवर, पंगतीवर, गप्पांच्या आवाजावर आहे ती लाल. दोन्हींचं प्रमाण सारखं असण्याची काही गरज नाही. पण सलग वीस पानं लाल गेली तर तिथे थांबून स्वतःला विचारायचं की या वीस पानांत नायकाऐवजी दुसरा कुणी असता तर काही बिघडलं असतं का. तुमच्या खर्ड्यातली जवळपास ३० पानं मी अशी रंगवून पाहिली. निळी वाक्यं अकरा निघाली, त्यातली सात त्याच्या दिसण्याबद्दल.

यावरचा उपाय नायकापासून सुरू होतो. त्याला काय हवंय? खर्ड्यात त्याला 'ती' हवी आहे, बास. एवढ्याने भागत नाही. ज्या घरात प्रत्येकाला तुमचं बालपणीचं प्रत्येक हसू-रडू पाठ आहे, तुमची पुढची वीस वर्षं ठरलेली आहेत, आणि तुम्ही खोलीत शिरलात की आधी 'अमक्याचा मुलगा' शिरतो, त्या घरातल्या माणसाला कधीतरी अनोळखी व्हावंसं वाटतं. तिच्यासोबत तो कुणाचाच वारस नसतो. म्हणजे ज्या दारातून तिला आत यायचंय, त्याच दारातून त्याला बाहेर पडायचंय. दोघं उंबऱ्यावर एकमेकांना धडकतात, ही तुमची प्रेमकथा. पहिलं खरं भांडण इथेच होईल. "घर म्हणजे काय हे तुला माहीत नाही" हे वाक्य दोघंही एकमेकांना म्हणू शकतात, आणि दोघंही बरोबर असतील.

आता वर्गाबद्दल. तुमच्याकडे श्रीमंती म्हणजे वस्तू: जिना, गाड्या, झुंबर. झुंबर तर पाच वेळा आलंय (मोजलं मी). पैसा वस्तूंतून दिसतो, पण वर्ग दिसतो तो सहजपणातून, माणसाला कशाचा विचार करावा लागत नाही त्यातून. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याने १९७९ साली आवडीनिवडी आणि वर्ग यांवर मोठा ग्रंथ लिहिला. आवड, चालणं, बसणं, बोलण्यातला आत्मविश्वास हे सगळं माणूस घरातून इतक्या लहानपणी उचलतो की पुढे ते उपजतच वाटायला लागतं, असं त्याचं प्रतिपादन. लेखकाच्या कामाचं सांगायचं तर: उपजत वाटणाऱ्या गोष्टी ज्याच्या त्याला दिसत नाहीत, परक्याला दिसतात. म्हणून नायिकेची नजर ही तुमची सगळ्यात मोठी मिळकत आहे, आणि ती तुम्ही झुंबरावर खर्च केलीत.

उदाहरण देते. जमलेल्या माणसांत काचेचा पेला फुटतो. कुणी हलायच्या आत नायिका खाली बसून तुकडे गोळा करायला लागलेली असते. नायकाची बहीण अगदी मायेने म्हणते, "अगं राहू दे, येईल कुणीतरी." ते 'कुणीतरी' फक्त नायिकेला ऐकू जातं. शिकत असताना सुट्टीत लोकांच्या घरी कामं करून तिने फी भरली होती, हे तुमच्या चौथ्या प्रकरणात आहे. म्हणजे हे 'कुणीतरी' कालपर्यंत तीच होती. बहिणीच्या मनात तसूभरही वाईट नाही, म्हणूनच ते जास्त लागतं. आणि नायक? तो लगेच वाकून तिच्या शेजारी काचा वेचायला लागला तर मला तो आवडणार नाही, कारण ते लेखकाने करवून घेतलेलं वाटेल. त्याच्या लक्षात येऊच देऊ नका. तीन प्रकरणांनंतर, ती सोबत नसताना, दुसरं काहीतरी फुटू द्या, आणि कुणीतरी येण्याची वाट बघत उभं राहिल्यावर त्याचं त्यालाच कळू द्या.

भेटवस्तूंचंही तेच. अकराव्या प्रकरणात आई तिला महागडा कोट देते आणि ती आनंदाने रडते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ मध्ये भेटींवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्याचा गाभा असा की भेट कधी नुसती भेट नसते, तिच्यासोबत घेण्याचं आणि परतफेडीचं बंधनही येतं. नायिकेला तो कोट परत फेडता येणार नाही. मग ती कशाने फेडेल? गोड वागून. कामाला हात लावून. कधीच 'नाही' न म्हणून. सगळ्यांच्या विनोदांना हसून. हे तुमच्या खर्ड्यात आपोआप आलेलं आहे, ती घरात अगदी लाघवी वागते. तुम्हाला तो तिचा स्वभाव वाटतोय, मला ते हप्ते वाटतात.

यातून आपलेपणाची माझी व्याख्या निघते, आणि बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा: आपलं घर ते, जिथे रुसता येतं. रुसायला हक्काचं माणूस लागतं, जो समजूत काढायला येईल अशी मनात खात्री असते. पाहुण्याला रुसता येत नाही, तो फार तर लवकर निघतो. तुमची नायिका पूर्ण कादंबरीत एकदाही रुसत नाही. तिला रागावताच येत नाही असं नाही, ऑफिसात ती बरोबर भांडते. तेव्हा जिने सगळ्यात जास्त माया केली तिच्यावर, म्हणजे आईवरच, तिला एकदा रुसू द्या. कारण क्षुल्लक असलं तरी चालेल, क्षुल्लकच असावं. मग ती खोलीत जाऊन दार लावून बसेल आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदा असा प्रश्न उभा राहील की आता कुणी दार वाजवेल का. त्या पाच मिनिटांवर मी पूर्ण प्रकरण खर्च करेन.

आईला खाष्ट करण्याबद्दल. हा सल्ला मी स्वतः एका लेखिकेला दिला होता, कामाला लागून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा. तिची नायकाची आई अशीच प्रेमळ होती, मी म्हटलं संघर्ष कमी पडतोय, हिला कडक करा. तिने केली, आणि कादंबरी आडवी झाली. कारण वाईट माणसांचं घर सोडून जायला कुणालाच काही लागत नाही. नायिका तिथे काय गमावते आहे हेच उरलं नाही. लेखिकेने शहाणपणाने जुना खर्डा परत काढला, आणि मी तेव्हापासून हा सल्ला देणं बंद केलं. तुमच्या आईला प्रेमळच ठेवा, फक्त त्या प्रेमाला कड असू द्या. एखादं वाक्य, तेही कौतुकाचं. "तू तर अगदी घरच्यासारखी आहेस." बघा, 'सारखी' या तीन अक्षरांत काय काय आहे. सख्ख्या मुलीला कुणी घरच्यासारखी म्हणत नाही.

आता दोन ओढी फाडून वेगळ्या करायच्या तर कुठे? इथे दोन वाटा आहेत. एक, त्याच्यामुळे घर सुटतं: तो वेगळं व्हायचं ठरवतो आणि तिला फक्त तो उरतो. दोन, तो सुटतो पण घर सुटत नाही: त्यांचं मोडतं, आणि आठवड्याने आईचा फोन येतो की 'तुमचं काय व्हायचं ते होवो, तू येत जा.' तुमची आई इतकी चांगली उतरली आहे की मी दुसरी घेईन. जे हवं होतं तेच, त्याच्याविना, समोर ठेवलेलं. ती जाते. सगळे नीट वागतात. आणि त्या भरल्या घरात तिला कळतं की डोळे मिटून पडलं तर ते सोंग ओळखणारं इथे आज कुणी नाही. तापाचा प्रसंग इथे वसूल होतो.

शेवटाकडे येते. श्रीमंत आजी काढून टाका असं मी म्हणणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. कारण मात्र 'योगायोग नको' एवढंच नाही. १९०९ साली मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. आईबापांचं आपल्याकडे लक्ष नाही असं वाटणारं मूल कल्पना करतं की हे आपले खरे आईबाप नव्हेतच, खरे कुणी तरी थोर, उच्च कुळातले आहेत, याबद्दलचा. त्याचा शेवट फार हळवा आहे: ते मूल त्या थोर आईबापांत खरं तर जुने दिवसच शोधत असतं, ज्या काळी त्याला आपलेच वडील सर्वांत थोर आणि आपलीच आई सर्वांत सुंदर वाटत होती. म्हणजे स्वप्नातली श्रीमंती हा मायेने घातलेला पोशाख. तुमच्या नायिकेने संस्थेतल्या खाटेवर असं स्वप्न रोज पाहिलं असेल, आणि ते पहिल्या भागात जरूर यावं. शेवटी तेच खरं करून दिलंत तर तुम्ही तिची भूक पैशाने भागवली असं होईल. मग 'पैशावर डोळा' म्हणणारा वाचक चूक कसा?

वारसा द्यायचाच असेल तर 'जेन आयर' कसा देते ते बघा. शार्लट ब्राँटेची १८४७ ची इंग्रजी कादंबरी. अनाथ जेनला काकाचे २०,००० पौंड मिळतात तेव्हा ती गंभीर होऊन बसते. पण ज्या तीन भावंडांनी तिला आसरा दिला ती आपली सख्खी आतेभावंडं आहेत हे कळल्यावर मात्र आनंदाने टाळ्या वाजवते, आणि रकमेचे चार सारखे भाग करून मोकळी होते, प्रत्येकाला ५,०००. माणसं मिळाली की पैसा वाटून टाकण्याची गोष्ट होते. याहून कामाचं म्हणजे क्रम: ती नायकाकडे परत जाते तेव्हा तिच्याकडे पैसाही असतो आणि नातीही असतात. तिला त्याच्याकडून यातलं काहीच नको असतं, तरी ती जाते. तुमच्या नायिकेला इतकी रक्कम नको, पण परत फिरण्याआधी तिच्याकडे स्वतःची अशी दोन माणसं असायला हवीत. खर्ड्यात संस्थेतली एक मैत्रीण आहे, तिसऱ्या प्रकरणानंतर गायब झालेली. तिला परत आणा.

आजीच्या जागी काय, तर दुसऱ्या प्रकरणात नायिका नोकरीचा अर्ज भरते, आणि 'आपत्कालीन संपर्क' या रकान्याशी थबकते, मग संस्थेचा ऑफिस नंबर टाकते. हे तुम्हीच लिहिलंय आणि विसरलात. शेवटच्या प्रकरणात पुन्हा एक अर्ज येऊ द्या. नाव कुणाचं, ते तुम्ही ठरवा, मला तर नायकाचं नाव फार सरळ वाटतं. फक्त नंबर लिहिताना तिला फोन उघडून बघावा लागू नये.

कामाचा क्रम म्हणाल तर आधी तापाचा प्रसंग, मग भांडण, मग रुसवा. झुंबर वगैरे अगदी शेवटी. आणि नवा खर्डा त्याच सहा जणांना देऊ नका, त्यांना आता उत्तर शोधायची सवय लागलीय. दोन नवे वाचक गाठा. त्यांना नायिका आवडली का हे विचारूच नका. आठवडाभराने सहज विचारा, तिला ताप आला होता तेव्हा तो कुठे होता, आठवतंय का.